पाटीची वरची ओळ

रघुनाथमामा सकाळी आठला छापखान्यात यायचे आणि पहिला अर्धा तास कशालाच हात लावायचे नाहीत. टोपी खुंटीला अडकवायची, दारामागची काळी पाटी ओल्या फडक्याने पुसायची आणि खडू घेऊन तिच्यापुढे उभं राहायचं. नवा होतो तेव्हा मला वाटायचं, हा माणूस कामचुकार आहे. मग पाटीवर कामं उतरायची, एकाखाली एक, फक्त पाच. संध्याकाळी त्यांची पाचही उरकलेली असायची आणि माझी एकदम सुरू केलेली तीन कामं अर्धवट लोंबकळत असायची.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला आमचा छापखाना लहानसा. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे आम्ही दोघं, पायाने चालवायचं एक मशीन आणि बहुतेक वेळ बाहेरच असणारे मालक. मामा निजामाच्या काळात उर्दू छापखान्यात होते. पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठी कामं वाढली तसे ते मराठी खिळ्यांवर आले. बोलण्यात मात्र उर्दू राहिली. "दिवसाचा इंतजाम सकाळीच करायचा," ते म्हणत. "सहावं काम लिवलं की पाचवंबी व्हत नाय."

पाटीची सगळ्यात वरची ओळ ते रिकामी सोडत. चिकलठाण्याच्या कारखान्याचे फॉर्म असोत की शाळेच्या प्रश्नपत्रिका, लिहायला सुरुवात दुसऱ्या ओळीपासून. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ती आपली नाय. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याची हाय." तेव्हा तेरवीच्या पत्रिका छापून टपालाने पाठवायची पद्धत होती. ते काम सांगून येत नाही आणि थांबतही नाही. गावाकडची माणसं पहिल्या एसटीने येत, म्हणून मामा दुपारपर्यंत मशीनवर काळीच शाई ठेवत. लग्नपत्रिकांची लाल शाई जेवणानंतर. शाई बदलायची म्हणजे रूळ रॉकेलने धुवायचे, त्यात तासभर जायचा.

एका लग्नसराईत मामा डोळे दाखवायला दवाखान्यात गेले आणि पाटी माझ्या हाती आली. एका बड्या घरची लग्नपत्रिका होती. मी ती मोठ्या झोकात वरच्या ओळीवर लिहिली आणि सकाळीच लाल शाई चढवली. नऊच्या सुमारास वेरूळकडचा एक पन्नाशीतला धनगर दारात उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, हातात दुमडलेला कागद.

"माय गेली, साहेब. भाऊबंद लई लांब लांब पांगलेत. एवढं छापून द्या, वेरूळच्या बसनं माघारी जातो."

"आज लाल शाई चढलीय. उद्या या," मी म्हणालो.

त्याने मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "व्हय," म्हणाला, कागद बंडीच्या खिशात ठेवला आणि गेला.

मामा दुपारी आले ते पाटीपुढेच थांबले. "सकाळी कोन आलतं?" मी सांगितलं. "नाव काय त्याचं?" मला सांगता येईना, कारण तो कागद मी उलगडून पाहिलाच नव्हता.

"दुसऱ्या कुणी दिला असेल छापून," मी म्हणालो.

"आसंल. नसंलबी." मग रूळ पुसता पुसता, आवाज न चढवता ते बोलले. "माजा बा गेला तवा छापखानेवाला असंच म्हनला, उद्या या. उद्याचे धा दिस झाले. पोळ्याला बाचा दोस्त आला जालन्याकडून, बासाठी तंबाखूची पुडी घिऊन, गल्लीतूनच हाका मारीत. मी दारात हुबा. मलाच सांगावं लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते माझ्या घरी आले. "चेहरा तू बघितलास. चल." आठवडाभर आम्ही स्टँडवर वेरूळच्या पहिल्या गाडीतून उतरणारी माणसं बघत उभे राहिलो. तो आला नाही. शेवटच्या दिवशी मी मामांची माफी मागितली. "माजी कशाला?" एवढंच ते म्हणाले. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मालक थकले तेव्हा छापखाना मी चालवायला घेतला. खिळे भंगारात गेले, कॉम्प्युटर आला. शाई धुवायची कटकट संपली आणि तेरवीची पत्रिका छापून घेणारेही जवळजवळ संपले. पाटी तीच आहे. वरची ओळ मी रिकामी सोडतो, आणि महिनोन्‌महिने ती रिकामीच राहते.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. मला मोबाईलवरच्या मेसेजमधून कळलं. मी त्यांच्या मुलाला भेटून म्हणालो, पत्रिका मी करून देतो. "कशाला काका, सगळ्यांना मोबाईलवर टाकलंय की," तो अदबीने म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही. मी परत आलो, पाटीच्या वरच्या ओळीवर मामांचं नाव लिहिलं आणि दिवसभर दुसरं काही करू शकलो नाही. संध्याकाळी पाटी न पुसताच घरी गेलो.

सकाळी आठला तिच्यापुढे उभा राहिलो. नाव तसंच होतं. आणखी एक दिवस राहू द्यावं असं फार वाटलं. पण नऊला कुणी कागद घेऊन दारात आलं असतं, तर त्याला जागा कुठे होती? मी फडकं ओलं केलं, मामांचं नाव पुसलं आणि दुसऱ्या ओळीपासून लिहायला लागलो.