मंत्र्याचा माणूस

जर्मनीत हॅनोव्हरच्या उत्तरेला लष्करी सरावाचं मोठं मैदान आहे. कॅनडाच्या मिलिशियातली आमची कंपनी तिथे एक्सरसाइजसाठी आली होती. मिलिशिया म्हणजे अर्धवेळ सैनिक. आठवडाभर मी टोरांटोत सॉफ्टवेअर लिहायचो आणि शनिवारी सार्जंट व्हायचो. हौसेला मोल नाही, असं बायको म्हणायची.

टोरांटोच्या आमच्या आर्मरीत, म्हणजे कंपनीच्या तळावर, कॅनडाच्या एका जुन्या संरक्षणमंत्र्याचा फोटो होता. शंभरएक वर्षांपूर्वी त्याने या हौशी फौजेला खरं सैन्य बनवलं. पेशाने तो डॉक्टर. जखमींसाठी मिलिशियाचं स्वतःचं वैद्यकीय दल त्याने उभारलं. त्याचा स्वतःचा मुलगा मात्र परमुलखात लढताना गेला. त्या दलामुळे आम्ही कंपनीच्या मेडिकला, म्हणजे जखमींना बघणाऱ्या सैनिकाला, ‘मंत्र्याचा माणूस’ म्हणायचो आणि जेवणाच्या रांगेत पुढे सोडायचो.

आमचा मेडिक कॉर्पोरल निकेत नाशिकचा होता. त्याची बहीण प्राची हॅनोव्हरला राहायची. रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे जेवायला जाणार होतो. मटणाचा रस्सा आहे, उशीर केलात तर माझा दाजी काही शिल्लक ठेवणार नाही, असं त्याने मला दोनदा बजावलं होतं.

शनिवारी सकाळी पावसाने भुसभुशीत झालेल्या उतारावरून एक चिलखती गाडी घसरली आणि ओढ्यात आडवी झाली. मी रेडिओ उचलला.

“नो डफ, नो डफ. एक कॅज्युअल्टी. ड्रायव्हर खाली अडकलाय.”

नो डफ म्हणजे हा सराव नाही, खरं आहे. क्रेन निघाली आहे, ती येईपर्यंत थांबा, असं उत्तर आलं. निकेत चिखलात पालथा पडून ड्रायव्हरची मांडी बघत होता. रक्त थांबत नव्हतं.

“सार्जंट, क्रेन येईपर्यंत हा टिकणार नाही.”

“जा,” मी म्हणालो.

तो गाडीखाली शिरला. त्याने मांडीला पट्टा आवळला, ड्रायव्हरचा पाय सोडवला आणि त्याला आमच्याकडे ढकललं. आम्ही त्याला ओढून काढत होतो, तेवढ्यात काठ ढासळला आणि गाडी आणखी खाली बसली. निकेत आतच राहिला. मला त्याचा फक्त हात धरता आला. मदत पोचली तोवर तो गेला होता. तेव्हा मी रडलो, सगळ्यांसमोर.

ड्रायव्हर वाचला. आज तो दोन मुलींचा बाप आहे.

रविवारी मी एकटाच प्राचीकडे गेलो. बातमी तिला आधीच कळवली होती. तिच्या सासऱ्यांनी मला पाणी दिलं आणि ते आत गेले. प्राची माझ्यासमोर येऊन बसली.

“दादा, त्याच्याजवळ कुणी होतं?”

“आम्ही सगळे होतो.”

“तसं नाही. तो जसं दुसऱ्यांना बघायचा, तसं त्याला बघणारं कुणी?”

“ते काम येणारा आमच्यात तो एकटाच होता,” मी म्हणालो.