एकशे आठ पांढरे गुलाब आणि माझी बिनचूक मोजणी

त्या वर्षी माझी मोजणी पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होती, आणि म्हणूनच मी लावलेल्या नऊ झाडांवर एकही पांढरा गुलाब फुलला नाही.

मी श्रीमंतांच्या दफ्तरात कारकून आहे. बावीस वर्षे झाली, माझ्या कागदावर खाडाखोड नाही. माणसे तोंडाने जे बोलतात ते मला पटकन उमगत नाही, पण तेच आकड्यांत सांगितले की लख्ख दिसते. दफ्तरात हा गुण समजला जातो. घरी तो फक्त मीच गुण समजतो.

आमची यमुना पहिल्या बाळंतपणाला सासवडहून शनिवार पेठेत माहेरी आली, तो माघ महिना. जावई मोहिमेवर, पोर अवघडलेली. हिचा जीव टांगणीला लागला. (ही म्हणजे आमचे कुटुंब. नाव घेण्याची पद्धत नाही, आणि हिंमतही नाही.) एका सकाळी ही देवापुढे हात जोडून म्हणाली, "महादेवा, पोर सुखरूप मोकळी होऊ दे. श्रावणात तुला पांढरी फुलं वाहीन."

मी शेजारीच गंध उगाळत होतो. म्हटले, "किती?"

"काय किती?"

"फुलं किती? आकडा नको? उद्या देवानं विचारलं तर?"

"देव विचारत नसतो हो!"

"श्रीमंत विचारतात, मग देव का नाही विचारणार? एकशे आठ म्हण. आणि नुसती पांढरी म्हणजे कोणती? तगर? कण्हेर? इतकं मोघम बोलू नये."

ही निरांजनाची वात सारखी करू लागली. तेव्हा मीच पुढे सरसावलो आणि हात जोडून खणखणीत आवाजात बोललो, "एकशे आठ पांढरे गुलाब! घरच्या बागेतले! श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी!" ही माझ्याकडे पाहतच राहिली. मला वाटले, कौतुकाने.

आता, आमच्या घरी तोवर बाग नव्हती. परसात एक आळू होते, तेही मोरीच्या पाण्यावर आपले आपण वाढलेले. पण आकडा ठरला म्हणजे निम्मे काम झाले, असे माझे मत होते.

रामा माळी पर्वतीच्या वाटेवर एका सरदाराच्या बागेत कामाला असे. त्याला घेऊन मी ती बाग पाहायला गेलो. तिथे पांढऱ्या गुलाबाचे तीन प्रकार होते. पहिला उत्तरेकडून आणलेला. फूल वाटीएवढे, पाकळ्या त्र्याण्णव. (तीन फुले उलगडून मोजल्या. बागेचा कारभारी लांबून ओरडत होता, पण मोजणी अर्धवट सोडता येत नाही.) मात्र झाडावर एका वेळी दोन-तीनच फुले, आणि पावसात कळी उघडण्याआधीच कुजणार. दुसरा वेल. फुलांचे झुबकेच्या झुबके, वास साऱ्या पेठेला पुरेल असा. पण पाकळ्या मोजून पाच आणि त्याही दुपारपर्यंत गळणार. देवापर्यंत नुसते देठ पोहोचले असते. तिसरा बुटका. फूल मध्यम, पाकळ्या चाळिसाच्या आसपास, रंग सायीसारखा, पावसाला न भिणारा आणि जवळजवळ बारा महिने फुलणारा. मी तिसरा पक्का केला.

"नऊ झाडं दे," मी रामाला म्हणालो. "प्रत्येकी बारा फुलं. झाली एकशे आठ."

रामाने डोके खाजवले. "पंत, समदी फुलं एकाच सोमवारी कशी येतील? गुलाबाला वार कळत न्हाई."

"शिस्त लावली की कळतो."

रामाने नऊ रोपे तयार करून आणली. मुळे रानगुलाबाची, कारण ती चिवट. आणि त्यांच्यावर आपल्या पांढऱ्याचा डोळा, म्हणजे फुटव्याची खपली, कलम करून बांधलेला. खड्डे हातभर खोल, दोन झाडांत दोन हातांचे अंतर, खाली शेणखत, सकाळचे ऊन. हे सगळे रामाने सांगितले आणि मी दोरी लावून करवून घेतले. रोज सकाळी प्रत्येक झाडाला हौदाचे दोन तांबे पाणी, बुंध्याशी, पानांवर थेंब न पडू देता. घरात ताकीद दिली: माझ्याशिवाय कोणीही झाडांना हात लावायचा नाही.

आमचे शेजारी गोविंदपंत रोज भिंतीवरून डोके काढत. या गृहस्थांना दुसरा उद्योग नव्हता आणि हा फुकट होता.

"काय पंत, आज तांबे किती?"

"दोन."

"असं का! मग ते कोपऱ्यातलं हिरमुसलंय खरं. त्याला हुकूम पोचलेला दिसत नाही."

चैत्रात यमुनेला मुलगा झाला. दोघेही सुखरूप. महादेवाने आपला शब्द पुरा केला, आता माझा उरला. इकडे नवी पालवी जोरात होती. वैशाखात रामा शेताच्या कामासाठी लोणीला, आपल्या गावी निघाला. जाताना म्हणाला, "पंत, येक ध्यानात ठेवा. बांधल्याल्या डोळ्याच्या खालनं धुमारं फुटतील. ते रानाचं हायती. ऱ्हाऊ दिलं तर वरच्याला खाऊन टाकतील. दिसलं की काढा."

"पण ओळखायचं कसं?"

"पानं मोजा की! येका देठाला पाच असत्यात, दुसऱ्याला सात."

मोजा! इतक्या महिन्यांत त्या माणसाने पहिल्यांदाच माझ्या भाषेत काही सांगितले होते. मी तसाच आत धावलो, दौत-बोरू काढले आणि सुरेख अक्षरात लिहिले: 'पाने पाच, पाने सात. पैकी एक ठेवणे, एक काढणे.' बाहेरून रामा आणखी काहीतरी सांगत होता. मी आतूनच ओरडलो, "लिहिलंय, लिहिलंय! जा तू निर्धास्त!"

ज्येष्ठात धुमारे आले. मी टिपण काढून झाडांसमोर बसलो. मोजले. पाच पानांच्या फांद्या होत्या, सात पानांच्याही होत्या. रामा खोटे बोलला नव्हता. डोळ्याची जागा पाहावी, तर मीच चढवलेल्या खताखाली ती कधीच गाडली गेली होती. पाच ठेवायचे की सात, एवढीच गोष्ट टिपणात नव्हती. पण विचारी माणसाला ती लिहून कशाला लागते? सात हे पाचापेक्षा दोनाने जास्त. शिवाय सातवाल्या फांद्या कशा ताठ, लांबसडक. पाचवाल्या आपल्या बेताच्या. मी विळा मागवला.

यमुना बाळाला मांडीवर घेऊन पडवीत बसली होती. "आप्पा, नक्की याच कापायच्या ना? कालपर्यंत तर याच छान दिसत होत्या."

"मोजून कापतोय."

"मोजलंत ते खरं, पण..."

"मोजल्यावर पण उरत नाही, यमू."

नऊ झाडांच्या झाडून सगळ्या पाचवाल्या फांद्या मी कापल्या. हिने त्या गोळा केल्या. "हिरव्यागार आहेत हो. टाकवत नाहीत."

"ठेव मग उशाशी!" मी म्हणालो. (मला त्या दिवशी स्वतःचे बोलणे फारच खुमासदार वाटत होते.)

त्यानंतर झाडे जी सुटली! आषाढात तर रोज सकाळी वीत वीत. पाच हात, सहा हात, आठ हात! मी रोज मापून लिहीत होतो आणि रोज खुशीत होतो. फक्त कळी तेवढी दिसत नव्हती आणि काटे तेवढे दिसत होते. एका वितीत एकवीस. पहिल्या आठवड्यात हिचे लुगडे फाटले. दुसऱ्यात पूजेला आलेल्या भटजींचे उपरणे एका फांदीने काढून घेतले, आणि भटजींनी ते परत मागितलेही नाही. दुरूनच आशीर्वाद देऊन गेले. तिसऱ्यात गाईने गोठ्याबाहेर पडायचे सोडले. एक फांदी भिंत ओलांडून गोविंदपंतांच्या अंगणात उतरली.

"पंत," गोविंदपंत म्हणाले (आता ते भिंतीपासून चार हात लांब उभे राहत), "तुमचा गुलाब आमच्याकडे आलाय. जेवूनच जाईल म्हणतो."

"कळ्या धरू द्या, मग बोला."

"आम्ही कुठं घाई करतोय? श्रावण काय, पुढच्या वर्षीही येतो."

आणि श्रावण लागला. तशात सासवडहून पत्र आले. जावई मोहिमेवरून परतले होते. मुलाचे तोंड त्यांनी अजून पाहिले नव्हते, आणि दसऱ्याला पुन्हा स्वारीत निघायचे होते. व्याही बापूराव स्वतः मेणा घेऊन तिसऱ्या सोमवारच्या आदल्या रविवारी येणार, आणि गुरुवारी सुनेला नि नातवाला घेऊन परत जाणार.

ही पत्र ऐकून दोनच वाक्ये बोलली. "नवस फिटल्याशिवाय माझी लेक उंबरा ओलांडणार नाही. बोललेला नवस अंगावर ठेवून एवढ्याशा जिवाला मी घाटातून धाडायची नाही."

यमुनेने माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते. गंमत म्हणून सांगत असलो, तरी त्या दिवशी मी एकही झाड मापले नाही.

मग मी काय नाही केले? दोनाचे तीन तांबे केले. ताक घातले. झाडांसमोर बसून मोठ्याने रुद्र म्हटला. शनिवारी, व्याही येण्याच्या आदल्या दिवशी, सगळ्या झाडांत मिळून एक कळी दिसली. एक! मी तिच्यावर छत्री धरून उभा राहिलो.

रविवारी दुपारी बापूराव आले. गृहस्थ भारदस्त. नवी लाल पगडी. "कुठाय तुमची ती प्रसिद्ध बाग?" असे म्हणत ते परसात शिरले आणि कौतुकाने दोन पावले पुढे झाले. तिथेच घात झाला. वरून लोंबणाऱ्या फांदीने पगडी अलगद उचलली. ते दचकून मागे सरले, तर दुसरीने अंगरखा धरला. मी सोडवायला धावलो, तर तिसरीने मला धरले! दोन व्याही एकाच झाडाला अडकून एकमेकांकडे पाहत उभे, आणि वर पगडी वाऱ्यावर डुलते आहे.

भिंतीपलीकडून आवाज आला, "पंत, लाल फूल आलं हो! चांगलं टपोरं आहे!"

सोमवारी सकाळी कळी उघडली. पाकळ्या पाच. रंग गुलाबी.

मी ते फूल तळहातावर घेऊन देवघराच्या दारात बसलो. एकशे आठांतले एक, आणि तेही पांढरे नाही. आत महादेवाच्या पिंडीवर पाण्याची धार चालू होती. बापूराव (पगडीला ठिगळ होते) घसा खाकरून म्हणाले, "मग काय, दिवाळीनंतर येऊ? चिरंजीव तोवर स्वारीत असतील, पण इलाज काय?"

इतक्यात ही गोठ्यामागून आली. हातात केळीच्या पानावर फुले. सायीच्या रंगाची, भरगच्च पाकळ्यांची, पहाटेचे पाणी अंगावर घेतलेली. पांढरे गुलाब!

"कुठून आणलेस?" मी ओरडलोच.

"तुम्ही कापलेल्या फांद्या. टाकवेनात, म्हणून मोरीच्या तोंडाशी आळवात खोचल्या. जगल्या बिचाऱ्या."

"खत?"

"खरकटं पाणी."

"किती तांबे?"

"मी कशाला मोजू?"

माझे हात आपोआप पुढे गेले. एक, दोन, तीन... "अगं, ही अकराच आहेत! सत्त्याण्णव कमी! नवस कसा फिटणार?"

ही शांतपणे पाटावर बसली. "अहो, मी देवाला काय म्हटलं होतं? पांढरी फुलं वाहीन. आकडा मी बोललेच नव्हते. आणि अकरा रुद्र, अकरा फुलं. महादेवाला आणखी काय हवं?" असे म्हणून तिने एकेक करून अकराही फुले पिंडीवर वाहिली. बापूरावांनी मोठ्याने 'हर हर महादेव' केले. यमुना रडता रडता हसायला लागली.

गुरुवारी मेणा निघाला. यमुनेने आत बसताना बाळाला क्षणभर माझ्या हातांत दिले आणि हळूच म्हणाली, "आप्पा, पुढच्या खेपेला नवस आईलाच बोलू द्या हं."

भाद्रपदात रामा लोणीहून परत आला. एक फांदी वाकवून त्याने पाने मोजली. "पंत, पाचवालं ठेवायचं, सातवालं काढायचं, आसं वरडून सांगितलं हुतं की मी." मग त्याने मान डोलावली. "पर रानगुलाब लई झ्याक आणलाय. येवढा तर रानातबी वाढत न्हाई."

गोविंदपंतांनी तर कुंपणाला लावायला फांद्या मागितल्या. म्हणाले, आमच्याकडे पाहुण्यांचा फार त्रास आहे. मी दिल्या. पाने मोजूनच दिल्या.

नवसाचे म्हणाल, तर हिचा फिटला. माझा मात्र मी स्वतः, खणखणीत आवाजात, आकड्यासकट बोललेला आहे. दर श्रावणात महादेवाचे एकशे आठ गुलाब माझ्याकडे बाकी निघतात. मी एकदा त्यातून अकरा वजा करायला निघालो होतो, पण ही म्हणाली, "ते माझे."