मोरीत ओतलेलं लाल पाणी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आक्का, माझी थोरली बहीण, निपाणीत आमच्याकडेच राहायची आणि परसात चुलीवर लोकर रंगवायची. माझ्या नातीच्या बारशासाठी तिने लोकर लाल रंगात उकळत ठेवली आणि गुडघे दुखतात म्हणून आत जाऊन पडली. व्हिनेगर घालायचं काम माझ्याकडे होतं. त्याशिवाय रंग लोकरीत मुरत नाही, पाणी लालच राहतं. मी फोनवर बोलत बसलो आणि विसरलो.

"पानी नितळ झालं का रं?" तिने आतून विचारलं.

"व्हय आक्का, काचंगत," म्हणत मी लाल पाणी मोरीत ओतलं आणि लोकर वाळत घातली.

बारशात बाळाच्या लाळेने त्या लोकरीच्या स्वेटरचा रंग सुटला. हनुवटी लाल झाली. रक्त समजून सून किंचाळली.

"आक्का, आता पुरे करा हे," सगळे म्हणाले. ती स्वतःचे हात उलटसुलट करून बघत राहिली. मी पेढे वाटत राहिलो.

तिने पुन्हा लोकर रंगवली नाही. आता ती नाही, पण बादलीत पाणी सोडलं की मला ते लाल दिसतं.

तिच्या शेवटच्या दिवसांत चूक माझी होती हे सांगायला दवाखान्यात गेलो होतो. तिने विचारलं, "जेवलास का रं?" मी मान हलवली आणि ते न सांगताच परत आलो.