धुऊन वाळवलेले बोंबील

मंडळी, हाताचा वास अजून जात नाहीये.

मी आणि दादा दातिवऱ्याहून सुके बोंबील ऑनलाइन विकतो. सुरुवातीलाच मी म्हटलं होतं, आधी ड्रायर आणि पॅकिंग मशीन घेऊ. दादा म्हणाला, "मशीन नंतर बगू. आदी वेबसाइट झकास पायजे."

आज बोईसरच्या गिऱ्हाईकाने पार्सल परत पाठवलं. ओलसर बोंबील साध्या पिशवीत भरलेले, त्यावर अळ्या वळवळत होत्या. शी!

दादा म्हणतो कसा, "धुऊन उनात टाक. दुसऱ्याला पाठवू. कोनाला कलनार हाय?"

दुपारी मी त्यातलाच एक धुतला, भाजला आणि तो त्यातलाच आहे हे सांगून दादाच्या ताटात वाढला. त्याने ताटच भिरकावलं.

वेबसाइटवर अजून झळकतंय, 'आम्ही खातो तेच तुम्हाला देतो.' सांगा, काय करू या वेबसाइटचं?