एकच मिळतं, असं मी म्हणालो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला वाटतं, माझ्या पोटातलं सगळं तिला ठाऊक आहे.

एकाहत्तरच्या युद्धानंतरची गोष्ट. मी सांगलीला, जवानांची कामं पाहणाऱ्या सरकारी कचेरीत कारकून होतो. वाईहून आलेला, नवा, आणि — खोटं कशाला बोलू — तोरा मोठा. ‘मला माहीत नाही’ हे शब्द माझ्या तोंडून निघतच नसत.

एक दिवस जतकडचा एक जवान आला. वय माझ्याएवढंच, लढाईत पाय गेलेला. लष्कराची, म्हणजे केंद्राची, अपंग पेन्शन त्याला सुरू झाली होती. राज्य सरकारही अशा जवानांना दरमहा मदत देतं, असं त्याच्या कानावर आलं होतं. कुबडी काखेत धरून, ताठ उभं राहून त्यानं विचारलं, “दोन्ही घेतलं तर चालतंय का, सायब?”

मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या टेबलाला विचारायचं, एवढंच — पण शेजारचे सगळे ऐकत होते ना. मी म्हणालो, “एकच मिळतं. दोन्ही घेणं म्हणजे सरकारला फसवणं.”

ते दुसरं वाक्य कशाला जोडलं मी? पहिलं खरं वाटावं म्हणून. दुसरा कुणी असता तर हुज्जत घातली असती. हा फौजी — हुकूम मिळाल्यासारखा सलाम ठोकून निघून गेला.

थोड्याच दिवसांत साहेबांच्या बोलण्यातून कळलं, दोन्ही मिळतं. जतला एसटी जात होती, त्याचा पत्ताही कचेरीत होता. मग का नाही कळवलं? साहेबांपुढे चूक कबूल करावी लागली असती — बाकी काही नाही.

पुढे दुष्काळ पडला. कामानिमित्त जतला गेलो, तर रस्त्याच्या दुष्काळी कामावर तोच दिसला. दगडांच्या ढिगाशी मूल सांभाळत बसलेला. बायको खडी फोडत होती — पोटुशी होती ती. आता सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं. पण तोच आधी बोलला, अगदी अभिमानानं.

“गावातलं आनखी दोघं जायबंदी जवान सांगलीला अर्ज द्यायला निगालं हुतं. मीच म्हागारी फिरवलं. म्हणलं, सायबांनी सांगितलंय, सरकारला फसवायचं न्हाई.”

त्याच्या बायकोनं हातोडा खाली ठेवला आणि मडक्यातलं पाणी तांब्यात ओतून माझ्यापुढे धरलं. त्या साली, त्या गावात — पाणी.

मी ते प्यायलो. आणि काही न सांगता परतीची एसटी धरली.