कडक मावशींचं भिजत घोंगडं

कपडा हातात आला की त्या आधी वास घेत, मग बघत.

चहा उभ्यानं पीत. बसून प्यायला की कामाला राग येतो, म्हणत.

खिसे उलटे केल्याशिवाय एकही कपडा पाण्यात जात नसे. खिशांत सापडलेलं सगळं गल्ल्याशेजारच्या काचेच्या बरणीत पडे. बटणं, किल्ल्या, अर्धा कंगवा, कुणाचा तरी खोटा दात. गिऱ्हाईक आलं की बरणी पुढे सरकवत. "ओळखा आपापलं."

बोलताना हात रिकामे असले तर रुमाल पिळत. कोरडा रुमाल.

"बघते" म्हणाल्या की काम होणार. "बघू" म्हणाल्या की नाही. हा फरक नव्या गिऱ्हाइकाला कळायला वेळ लागे.

शर्टाला खळ अशी देत की एकजण म्हणाला होता, मावशी, हा शर्ट माझ्याशिवायही ऑफिसला जाऊन येईल. त्यावरून नाव पडलं, कडक मावशी. स्वभावावरून पडलं असं समजणारेही होते. त्यांचंही फारसं चुकत नव्हतं.

परवा सकाळी त्या गेल्या. हातात चहाचा कप होता. उभ्याच होत्या.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "काय शिकलीस?"

"साहित्य."

"कुठलं? साबण, सोडा, नीळ, खळ. हे माझं साहित्य. तुझं काय?"

तेव्हापासून मी साहित्य झाले. "ए साहित्य, वरची दोरी सोड." "साहित्य, जेवलीस का?" त्यांच्या आणि माझ्या वयात तीस-पस्तीस वर्षांचं अंतर असेल. तरी ज्याला मैत्री म्हणतात ती मला या गावात त्यांच्याशीच झाली.

लॉन्ड्री म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. पुढच्या खोलीत गल्ला आणि इस्त्रीचं टेबल. टेबलामागे काका, म्हणजे मावशींचे यजमान. धुणं मावशींचं, इस्त्री काकांची. संसाराची वाटणीही अशीच होती. मावशी भिजवायच्या, घासायच्या, आपटायच्या. काका सगळं सपाट करायचे. मागच्या खोलीत मोठं धुलाई यंत्र. त्याच्या मागे अंगण, अंगणात सिमेंटचा हौद आणि कोपऱ्यात मोरी. पुढच्या भिंतीवर मावशींनी स्वतः रंगवलेली पाटी. "डाग गेला नाही तर पैसे नाहीत. धुतल्याशिवाय कपडा परत नाही."

बंदराबाहेर तेलाचं जहाज फुटलं तेव्हा मी इथं नवीन होते. किनारा काळा झाला. जहाजाच्या कंपनीची माणसं आली. जे जे नुकसान झालं त्याची पै न पै भरून देऊ, असं त्यांनी सांगितलं आणि पेपरांनी छापलं. होड्यांचे पैसे मिळाले. समुद्रावरच्या हॉटेलांना मिळाले. किनारा खरवडायला कंत्राटदार आला, त्यानं मजूर आणले. मजुरांना गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसलग नारिंगी पोशाख होते. डांगऱ्या म्हणतात त्यांना. त्या धुवायला मावशींकडे आल्या.

दर चांगला होता. मावशींनी काम आनंदानं घेतलं.

"सोन्याचे डाग अंगावर कधी चढले नाहीत," त्या मला म्हणाल्या, "पण या डागांनी यंदा यंत्राचा हप्ता फिटतोय बघ."

डांगऱ्यांच्या खिशांतून काय काय निघे. खोकल्याच्या गोळ्या, शिंपले. तेलात चिकटून एक झालेली पिसं. एकदा नखाएवढा खेकडा, काळा, वाळलेला. मावशींनी तो चिमटीत धरला. मला वाटलं टाकून देतील. त्यांनी तो बरणीत ठेवला.

सफाई संपत आली तेव्हा हॉटेलची एक चादर परत आली. मग गठ्ठाच्या गठ्ठा परत आला. चादरींवर राखेसारखी छटा होती. मावशींनी वास घेतला आणि खाली बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

डांगऱ्यांतलं तेल यंत्राच्या रबरात गेलं होतं. मोरीच्या पाइपात थर धरून बसलं होतं. तिथून ते गल्लीच्या गटारात उतरलं होतं. शेजारणीच्या न्हाणीघरात तोच वास यायला लागला. नगरपालिकेचा माणूस आला, त्यानं पाइपात काठी घातली, काळी काठी बाहेर काढली. पाइप बदलेपर्यंत या मोरीतून थेंब जाता कामा नये, म्हणाला. मोरीच्या तोंडात सिमेंटचा बोळा बसवला आणि दंड सांगून गेला.

मोरी बंद म्हणजे धुणं बंद. घरात धुतलेले कपडे लोक इस्त्रीला आणायचे, तेवढ्यावर घर चालू राहिलं.

मावशी कंपनीच्या ऑफिसात जाऊन आल्या, एकदा नाही, अनेकदा. शेवटी तिथल्या एक बाई स्वतः लॉन्ड्रीत आल्या. वयानं माझ्याएवढ्याच. बोलायला गोड. मी गल्ल्यापाशी उभी होते.

"मावशी, समुद्रात सांडलेलं तेल आमची जबाबदारी. ती आम्ही पूर्ण घेतली. तुमच्या पाइपातलं तेल समुद्रातून आलेलं नाही."

"मग माझ्या माहेरून आलंय का?"

बाई हसल्या. "ते धुण्यातून आलं. धुण्याचे पैसे तुम्हाला मिळालेत. खरं सांगायचं तर या प्रकारात तुमची कमाईच झाली."

काका मागे इस्त्री फिरवत होते. ती थांबली.

मावशींनी रुमाल काढला आणि पिळायला लागल्या. "डॉक्टरला फी दिली म्हणून आपला आजार त्याच्या घरी ठेवून येता का तुम्ही?"

"तसं नाही हो. पण कुठेतरी रेघ मारावी लागते. किनारा आता स्वच्छ आहे. एक डाग नाही."

"बाई, मी आयुष्यभर डागच काढलेत. डाग मरत नसतो. घर बदलतो. कपड्यातून पाण्यात, पाण्यातून मोरीत. तुम्ही किनाऱ्यावरून काढलात, तो माझ्याकडे राहायला आलाय. भाडं कोण देणार?"

"मी वर कळवते."

"कळवा." मावशींनी बरणी त्यांच्यापुढे सरकवली. वरच पिसं होती, आणि खेकडा. "ओळखा आपापलं."

बाईंनी बरणीला हात लावला नाही. पर्स उचलली आणि गेल्या.

आता डांगऱ्यांच्या शेवटच्या खेपेचं. मोरी बंद झाली त्याच्या आदल्या संध्याकाळी कंत्राटदारानं उरलेल्या डांगऱ्या आणून टाकल्या होत्या आणि मावशींनी त्या हौदात भिजत घातल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. काही आठवड्यांनी कंत्राटदार टेम्पो घेऊन आला. दिलेलं सगळं सामान स्वच्छ करून परत केल्याशिवाय कंपनी त्याचं शेवटचं बिल काढत नव्हती, आणि त्याचं बिल निघाल्याशिवाय कंपनीला सफाई पूर्ण झाली असं म्हणता येत नव्हतं.

"मावशी, डांगऱ्या द्या."

"धुतल्याशिवाय कपडा परत नाही." त्यांनी पाटीकडे बोट केलं.

"मग धुवा ना."

"धुते की. पाणी कुठे सोडू?"

त्यानं मोरीकडे पाहिलं. सिमेंटच्या बोळ्याकडे पाहिलं.

"ओल्याच द्या. मी नेतो."

"न्या. रस्त्यावर थेंब पडला तर दंड तुमच्या नावावर."

त्यानं एक डांगरी उचलायचा प्रयत्न केला. शर्टावर काळा पट्टा उमटला. मावशींनी तो वाकून, मान तिरकी करून पाहिला. "हा जाणार नाही," त्या म्हणाल्या, "उगाच पैसे घालवू नका."

"हरवल्या म्हणून सांगू का? नाहीतर फाटल्या म्हणून?"

"हरवल्या नाहीत. फाटल्या नाहीत. भिजल्यात. कंपनीला म्हणावं पाइप बदलून द्या, त्याच दिवशी धुऊन, वाळवून, घडी करून देते. इस्त्रीसकट."

"माझं बिल अडकलंय हो."

"बसा मग. चहा घ्या. अडकलेली माणसं चहा घेतात."

त्यानं चहा घेतला. नंतर तो येतच राहिला. मला वाटतं त्याला मावशी आवडायला लागल्या होत्या. कंपनीनं आमचं घोंगडं भिजत ठेवलंय, असं गल्लीत जो तो म्हणायचा. कुणाची जाळी, कुणाच्या खानावळीचं नुकसान, सगळ्यांची प्रकरणं तशीच पडलेली. मावशी म्हणाल्या, "त्यांनी ठेवलं तर चालतं. आता माझ्याकडेही एक आहे. बघू कुणाचं आधी कुजतं."

रोज सकाळी त्या हौदावरचं पत्र्याचं झाकण बाजूला करत. रबरी हातमोजे चढवत. एक डांगरी ओढून तिची कॉलर ब्रशनं घासत. एकच कॉलर, आणि तीही अर्धी. मग झाकण लावत.

"हे कशाला?" मी विचारलं.

"काम बंद आहे असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. काम चालू आहे. सावकाश चालू आहे. त्यांच्या ऑफिसात चालतं तेवढ्याच वेगानं."

शेजारीण गच्चीवरून ओरडायची, "आधी कंपनीचे कपडे धुतलेत, आता कंपनीलाच धुताय का?"

"भिजत घातलीय गं. धुईन."

काकांना हे पटत नव्हतं. ते फारसं बोलत नसत, पण इस्त्री आपटली की आम्हाला समजे. एका दुपारी कंत्राटदार म्हणाला की नव्या पाइपाचा निम्मा खर्च तो स्वतःच्या खिशातून देतो. निम्मा मावशींनी घालावा. मोरी उघडेल, लॉन्ड्री चालू होईल, त्याचं बिल निघेल, सगळे सुटतील.

काकांनी इस्त्री उभी केली. "घे म्हणतो मी."

मावशींनी कंत्राटदाराला विचारलं, "तेल तुमचं होतं का?"

"नाही."

"माझं होतं?"

"नाही, मावशी."

"मग आपण दोघांनी वाटून कशाला घ्यायचं?"

"अगं, पण घर चालायला नको?" काकांचा आवाज चढला. त्यांचा चढलेला आवाज मी त्या दिवशीच ऐकला. "तू जिंकशील आणि आपण उपाशी राहू. काय करायचंय तुला? त्यांनी येऊन पाया पडायचं का?"

"पाया नको. पाइप."

"आणि नाही दिला तर?"

"तर ते संपलं असं म्हणू शकणार नाहीत. मी जिवंत आहे तोवर तरी नाही."

समोरच्या शर्टाची काकांनी घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. दुसऱ्या सकाळी मावशींनी उभ्यानं चहा प्यायला, हातमोजे घातले आणि अर्धी कॉलर घासली.

कंत्राटदारानं त्यानंतर निम्म्याचे पाऊण केले. मावशी म्हणाल्या, "बघू." तोवर त्यालाही अर्थ माहीत झाला होता.

मी तेव्हा त्यांना एकदा विचारलं होतं की एवढ्याशा हौदानं एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडणार. तुझ्या पुस्तकांत असं होत नाही का, असं काहीतरी त्या विचारतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुला काय वाटतं, मला ते कळत नाही? पण त्यांच्या कागदावर पूर्ण लिहिलं जाईल आणि माझ्या मोरीत बोळा असेल, हे मी आपल्या हातानं कसं करू? हात माझे आहेत ना."

त्या हातांकडे मी पाहिलं. नखांच्या कडा काळ्या होत्या. लिंबू, सोडा, रॉकेल, काही लावून ते गेलं नव्हतं.

परवा त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. यंत्राची चौकशी करायला आलेला भंगारवाला दारातून परत गेला. गल्लीतली माणसं आली, बसली, गेली. जाताना एकीनं सवयीनं बरणीत डोकावलं.

आज सकाळी कंत्राटदार आला. टेम्पो आणला नव्हता. काकांशेजारी बसला. त्याचे डोळे लाल होते, ते खोटं नव्हतं. मग चाचरत म्हणाला, "काका, आता बोलू नये, पण दोन दिवसांत कंपनीला इथलं सगळं बंद करायचंय. पाइपाचा सगळा खर्च मी देतो. पुरा. तुमचं दुकान चालू होईल. तुम्ही फक्त एवढं म्हणा की डांगऱ्या पोचल्या."

मला वाटलं काका हो म्हणतील. मी असते तर म्हटलं असतं. त्यांनी तर हेच किती दिवस मागितलं होतं.

काका उठले. मागच्या खोलीतून अंगणात गेले. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी झाकण बाजूला केलं. वास आला. हौदाच्या कडेवर हातमोजे होते, उलटे, बोटं आत गेलेली, घाईनं काढल्यासारखे. चहा निवतोय म्हणून मीच त्या दिवशी त्यांना हाक मारली होती. ब्रश शेजारी पडला होता.

"आता कोण धुणार हे, काका?" कंत्राटदार हळू आवाजात म्हणाला.

काकांनी खिशातून रुमाल काढला. कोरडा होता. तो ते पिळायला लागले.

"बघू," म्हणाले.

कंत्राटदारानं मान खाली घातली. गेला.

काकांनी झाकण परत लावलं नाही. हौदाच्या कडेवर एक डांगरी ओढून ठेवलेली आहे, बाह्या पाण्यात सोडलेल्या. तिची कॉलर डावीकडून नारिंगी झाली आहे. मानेच्या मध्यापर्यंत. पुढे काळी आहे.