चौपन्न पाट्या

सबूर गुरुजींनी आयुष्यात एकही निर्णय घाईने घेतला नाही. चप्पल घ्यायची तर मंगरूळपीरचा अख्खा बाजार दोनदा पालथा घालायचे आणि तिसऱ्या खेपेला पहिल्याच दुकानातून घ्यायचे. दुकानदार वैतागला की म्हणायचे, "सबूर, बाप्पा. पाय माहे हायेत." त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरलं नाही. मी त्यांचा फार जुना विद्यार्थी. पुढे बसस्थानकाजवळ संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि त्यांच्या संगणकाचा वैद्य झालो.

मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावर त्यांनी वर्षानुवर्षं शाळा चालवली. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला निघायचा आणि लहान मुलं आजी-आजोबांजवळ राहायची. ट्रक येण्याच्या आदल्या दिवशी गुरुजी एकेका आईबापाला शाळेच्या ओट्यावर बसवून संगणकात त्यांचा आवाज भरून घ्यायचे. कुणी आपल्या गोरमाटी बोलीत गाणं म्हणे, कुणी नुसतंच दटावे. मग माघ-फाल्गुनात एखादं पोर जेवेनासं झालं की मधल्या सुट्टीत त्याला ते ऐकवायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे कोणत्या योजनेत बसतं? गुरुजी म्हणाले, "योजनेत नाई बसत साहेब. मायचा आवाज आयकला का लेकरू भाकर खाते, एवढंच."

फोल्डरच्या आत फोल्डर हा प्रकार मात्र त्यांना कधी उमगला नाही. "त्या खोल्या-खोल्यांत मी चुकतो. मले दारावरच पाट्या लावून दे," असं त्यांनी मला सांगितलं. मी प्रत्येक मुलाच्या नावाचा शॉर्टकट करून स्क्रीनवर मांडून दिला. चौपन्न नावं. नावावर दोनदा टिचकी मारली की आवाज वाजे. आवाज मात्र आतल्या फोल्डरमध्येच होते. पाटी म्हणजे घर नव्हे, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. कामाच्या गडबडीत राहिलं.

निवृत्तीनंतर त्यांनी नवा लॅपटॉप घेतला. आत कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम नसलेला, म्हणून थोडा स्वस्त. मग सुरू झाला शोध. वधूपक्षाने स्थळाची चौकशी करावी तशी गुरुजींनी दोन महिने चौकशी केली. वहीत रकाने आखले. सगळं गाव टाकतं ती फुकटातली चोरीची विंडोज मीही सुचवून पाहिली. ते म्हणाले, "पोरायले चोरी करू नोका म्हनता म्हनता माहे केस पिकले. आता मी करू?" परवान्याची विंडोज महाग वाटली. शेवटी कायद्यानेच फुकट मिळणाऱ्या लिनक्सवर बोट ठेवलं, पण त्याआधी दहा वेळा तरी एकच प्रश्न विचारला. "यात ते आवाज वाजतीन ना?" मी छातीठोकपणे सांगितलं, "कोणत्याही सिस्टीममध्ये वाजतील, गुरुजी."

जुन्या संगणकातलं सगळं पेनड्राइव्हवर घ्या, असं सांगून मी चहा मागवला. चहा यायच्या आत गुरुजींचं काम आटोपलं होतं. "घेतल्या. मोजून चौपन्न," ते म्हणाले. इतक्या वर्षांचे आवाज अर्ध्या मिनिटात येत नाहीत, हे इतर कुणाला कळलं नसतं तर समजण्यासारखं होतं. मला कळायला हवं होतं. मी त्यांना शाबासकी दिली. नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि उत्साहाच्या भरात जुना संगणकही पूर्ण पुसून त्यावर तेच टाकून शाळेला देऊन टाकला.

त्या पावसाळ्यात त्या चौपन्नांतली एक, सोनी, गुरुजींकडे आली. तिची आई ती दुसरीत असताना उसाच्या फडावरच तापाने गेली होती. आता सोनीला स्वतःची मुलगी झाली होती. "गुरुजी, माह्या पोरीले तिच्या आजीचा आवाज आयकवाचा हाये," ती म्हणाली. गुरुजींनी तिच्या नावावर टिचकी मारली. काहीच झालं नाही. दुसऱ्या नावावर मारली, तिसऱ्या. लॅपटॉप बगलेत मारून ते माझ्याकडे आले. "आपन सिस्टीम गलत निवडली वाटते. विंडोज टाकून पाहू?"

मी पाहिलं. चौपन्न शॉर्टकट, नखाएवढ्या आकाराचे. आवाज एकही आला नव्हता, आणि मी भित्र्यासारखा म्हणालो, "पाहू टाकून." गुरुजींनी परवाना विकत आणला, मी दोन दिवस लावून विंडोज टाकली. त्या दोन दिवसांत शाळेतल्या संगणकाची डिस्क काढून अकोल्याला एका जाणकाराकडे नेली. त्याने नकारार्थी मान हलवली. मग सांगण्यावाचून इलाज उरला नाही.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे मी नुसत्या पाट्या आनल्या," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन बसने तांड्यावर गेले.

सोनीच्या दारात ते खाली बसले. झालेलं सगळं सांगितलं, चूक आपल्याच अंगावर घेतली, मला बोलू दिलं नाही. मग म्हणाले, "तुह्या मायनं काय म्हनलं होतं ते मले तोंडपाठ हाये." आणि गोरमाटीत, अडखळत, त्यांनी ते सगळं म्हणून दाखवलं. वेणी रोज घाल, आजीला त्रास देऊ नको, होळीला तुझ्यासाठी लाल रिबिनी आणते. सोनी मुलीला मांडीवर थोपटत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"बोल मलेबी याद हायेत, गुरुजी," ती म्हणाली. "आवाजच आठवत नाई."

गुरुजी उठायला लागले, पण त्यांना उठवेना. मी हात दिला.

गेल्या चैत्रात ते गेले. तांड्यावरच्या त्या दिवसापासून अखेरपर्यंत त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. भेटले की माझ्या मुलाबाळांची चौकशी करायचे. एकदा तरी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.